वॉटर ब्लॉकचा तळ हाताने सपाट करणं: लॅपिंग म्हणजे काय, कधी करावं, कसं करावं?

यवतमाळात 'कूलर' म्हटलं की आधी डोळ्यासमोर येतो तो खिडकीला लावलेला पत्र्याचा कूलर. ओल्या ताट्या, आत फिरणारा पंखा आणि तळाशी पाण्याचा छोटा पंप. गेमिंग पीसीतला वॉटर कूलर याच्यापेक्षा वेगळा. त्यातलं पाणी उडून जात नाही, बंद नळ्यांमधून गोल-गोल फिरत राहतं. प्रोसेसरची उष्णता उचलायची आणि रेडिएटरपाशी नेऊन हवेत सोडायची, एवढंच त्याचं काम. प्रोसेसरवर जो तांब्याचा चौकोनी ठोकळा बसतो आणि ज्याच्या आतून हे पाणी वाहतं, त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात.

या ठोकळ्याचा तळ काचेवर ठेवलेल्या वॉटर पेपरवर घासून सपाट करायचा, या कामाला लॅपिंग म्हणतात. यूट्यूबवर याचे भरपूर व्हिडिओ आहेत. शेवटी तळ आरशासारखा चमकतो आणि 'टेम्परेचर दहा डिग्रीने कमी झालं' असं पडद्यावर झळकतं. ते पाहून बरेच जण नवाकोरा ब्लॉक थेट पेपरवर घासायला घेतात. काही वेळा फायदा होतो, बऱ्याच वेळा काहीच फरक पडत नाही, आणि काही वेळा टेम्परेचर आधीपेक्षा वाढतं. असं का होतं ते समजून घेतलं की आपला ब्लॉक घासायचा की नाही हे तुम्हीच ठरवू शकाल.

आपल्याकडे चार डिग्री एवढ्या महत्त्वाच्या का?

पाण्याने थंड होणारा पीसी खोलीपेक्षा जास्त थंड कधीच होत नाही. रेडिएटर खोलीतल्याच हवेने थंड होतो, म्हणून त्यातलं पाणी नेहमी खोलीपेक्षा थोडं गरमच असतं. म्हणजे खोलीचं तापमान हा तुमचा पाया, आणि प्रोसेसर त्याच्यावर किती चढतो ते कूलिंगवर अवलंबून.

समजा, पूर्ण लोडवर तुमचा प्रोसेसर खोलीपेक्षा ५० अंशांनी वर जातो. एसीच्या २५ अंशांच्या खोलीत तो ७५ वर राहील आणि कुणी लक्षही देणार नाही. मे महिन्यात यवतमाळ, वणी, पांढरकवड्याकडे बाहेर पारा ४३-४४ च्या आसपास असतो. स्लॅबखालची बंद खोली दुपारी सहज ३८ अंशांवर जाते. तोच पीसी तिथे ८८ वर जाईल. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर ९० ते १०० अंशांच्या दरम्यान पोहोचले की स्वतःचा वेग कमी करून घेतात. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. मग गेम अडखळतो, व्हिडिओ रेंडर व्हायला वेळ लागतो. थंड हवेच्या देशातला माणूस चार डिग्रीचा फरक गंमत म्हणून मोजतो. इथे त्या चार डिग्री मे महिन्यात पीसी नीट चालणार की नाही हे ठरवू शकतात.

पाण्याने थंड करणं हा फक्त गेमर लोकांचा छंद आहे असंही नाही. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसवलेला सी-डॅकचा 'परम ब्रह्म' हा सुरुवातीला ७९७ टेराफ्लॉप्सचा असलेला सुपरकॉम्प्युटर 'डायरेक्ट कॉन्टॅक्ट लिक्विड कूलिंग' पद्धतीने थंड होतो. म्हणजे तिथेही द्रव थेट चिपवर बसवलेल्या प्लेटपर्यंत नेला जातो. मशीन केवढंही मोठं असो, चिप आणि प्लेट यांच्या मधल्या फटीचं काय करायचं हा प्रश्न असतोच.

फटीचा हिशेब

प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि ब्लॉकचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण दोन्हींवर बारीक चढउतार असतात. एकावर एक ठेवले की ते काही ठिकाणीच टेकतात आणि बाकी जागेत हवा राहते. उष्णता वाहून नेण्यात तांब्याचा आकडा साधारण ४०० आहे, तर हवेचा ०.०२६. म्हणजे हवा तांब्यापेक्षा सुमारे पंधरा हजार पट वाईट. म्हणून मध्ये थर्मल पेस्ट भरतात. नेहमीच्या वापरातल्या पेस्टचा आकडा तीन ते बाराच्या आसपास असतो. हवेपेक्षा ती कितीतरी चांगली, पण तांब्यासमोर तरीही गरीबच.

आता हिशेब करू. पेस्टचा आकडा ५ धरला तर ०.१ मिलिमीटर जाडीचा पेस्टचा थर उष्णतेला ८ मिलिमीटर तांब्याइतका अडवतो. ०.१ मिलिमीटर म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी! आणखी एक उदाहरण घ्या. प्रोसेसरमधून १०० वॉट उष्णता ४ चौरस सेंटिमीटर जागेतून बाहेर पडतेय. मध्ये एका कागदाएवढा पेस्टचा थर जास्तीचा असेल, तर प्रोसेसर ५ अंशांनी जास्त तापेल. २०० वॉट असतील तर १० अंशांनी.

म्हणजे व्हिडिओतली 'दहा डिग्री' खोटीच असते असं नाही. पण ती तेव्हाच मिळते, जेव्हा आधीची फट खरोखर कागदाएवढी मोठी होती. ब्लॉक चांगला बसत असेल आणि पेस्टचा थर आधीच पातळ असेल, तर घासून जेमतेम एखादा अंश हाती लागतो.

गॅरेजमधलं व्हॉल्व्ह घासणं आठवा

लॅपिंग आपल्याकडे नवीन नाही. ट्रॅक्टर किंवा बुलेटच्या इंजिनाचं काम निघालं की मिस्त्री ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह त्याच्या सीटवर गोल-गोल फिरवत घासतो. ते लॅपिंगच. पण त्यात मिस्त्री व्हॉल्व्हला कुठल्या आदर्श मापात आणत नसतो. त्याच व्हॉल्व्हला त्याच सीटशी जुळवत असतो. दोघं एकमेकांवर घासले जातात आणि जोडी जमते. म्हणूनच घासून झालेले व्हॉल्व्ह अदलाबदल करून बसवत नाहीत.

प्रोसेसर आणि ब्लॉक असे एकमेकांवर घासता येत नाहीत. म्हणून आपण ब्लॉकला तिसऱ्याच वस्तूशी, म्हणजे सपाट काचेशी, जुळवतो आणि गृहीत धरतो की प्रोसेसरही सपाटच असेल. गडबड होते ती या गृहीतकात.

इंटेलचे २०२१ च्या शेवटी आलेले बाराव्या पिढीचे प्रोसेसर लांबट आहेत. सॉकेटची लोखंडी पकड त्यांना दोन बाजूंनी मध्यावर दाबते, त्यामुळे झाकण किंचित वाकतं आणि मधला भाग खोलगट होतो. चिप असते नेमकी तिथेच, मधल्या भागाखाली. अशा झाकणावर अगदी सपाट तळ बसवला तर कडा टेकतात आणि मध्ये फट राहते. यावर उपाय म्हणून मूळ पकडीच्या जागी बसवायच्या कॉन्टॅक्ट फ्रेम बाजारात आल्या. त्या चारही बाजूंनी सारखा दाब देतात.

कूलर बनवणाऱ्या कंपन्यांना हे ठाऊक असतं. त्यामुळे बऱ्याच कूलरचा तळ मुद्दाम मध्ये किंचित फुगीर ठेवलेला असतो. फुगीर तळ दाबाखाली चिपच्या बरोबर वर सगळ्यात घट्ट टेकतो. नॉक्टुआ कंपनीने २०२४ मध्ये आणलेला 'एनएच-डी१५ जी२' हा हवेवर चालणारा कूलर तर तळाच्या तीन वेगवेगळ्या फुगवट्यांमध्ये मिळतो: नेहमीचा, कमी आणि जास्त. प्रोसेसर किती वाकतो ते बघून निवडायचा. काही वॉटर ब्लॉकमध्ये आतली पातळ जेट प्लेट तळाला मधोमध दाबून असाच फुगवटा आणते. हा फुगवटा 'कंपनीचा डिफेक्ट' समजून घासून टाकला की टेम्परेचर वाढतं.

आधी तपासा, मग ठरवा

पहिली तपासणी उजेडाची. तळ पुसून स्वच्छ करा. सुताराच्या किंवा फिटरच्या गुण्याची सरळ पोलादी पट्टी तळावर उभी धरा आणि मागून मोबाईलचा फ्लॅश लावा. पट्टीखालून उजेड कुठे येतो ते पाहा. केसापेक्षा बारीक फटसुद्धा अशी दिसते. आडवं, उभं आणि दोन्ही कर्णांवर तपासा. मध्ये उजेड म्हणजे तळ खोलगट, दोन्ही टोकांना उजेड म्हणजे फुगीर. काही जण दाढीचं ब्लेड वापरतात, पण आपल्याकडचं पातळ ब्लेड लवतं, त्यामुळे फसवतं. आणि फोनमधलं लेव्हल अ‍ॅप इथे कामाचं नाही. ते वस्तू किती कलली आहे ते सांगतं, किती सपाट आहे ते नाही.

दुसरी तपासणी माझ्या मते जास्त महत्त्वाची, कारण ती खऱ्या जोडीची असते. प्रोसेसरवर पेस्टचा पातळ थर लावा, ब्लॉक नेहमीसारखा स्क्रूने पूर्ण आवळा, पंधरा-वीस मिनिटं चालवा, बंद करून गार होऊ द्या आणि ब्लॉक हलकेच पिळत काढा. सरळ वर खेचू नका. खाली पिना असलेले जुने एएमडी प्रोसेसर पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपटून येतात. आता ठसा बघा. पेस्ट जिथे जवळजवळ पारदर्शक झाली आहे तिथे धातू जवळ आहेत. जिथे जाड राहिली आहे तिथे फट आहे. मधला भाग पातळ आणि कडांना जाड असेल तर सगळं छान आहे, घासू नका. मध्येच जाड थर असेल तर मात्र काहीतरी करायला हवं.

आयटीआयमध्ये फिटर ट्रेड केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. सरफेस प्लेटला निळा रंग लावून त्यावर जॉब फिरवतात आणि रंग कुठे लागला त्यावरून उंचवटे शोधतात. पेस्टचा ठसा ही तीच युक्ती आहे. जिल्ह्यात तुमचा एखादा मित्र फिटर असेल तर हे काम त्याच्यासोबत करा. सपाट म्हणजे काय हे त्याच्या हाताला कळतं.

मधली फट दिसली तरी आधी स्क्रू नीट आवळले आहेत का, प्लास्टिकची संरक्षक फिल्म काढली आहे का (हसू नका, ती तशीच राहिलेले पीसी सापडतात), स्टँडऑफ बरोबर सॉकेटचे आहेत का, हे पाहा. इंटेलच्या वाकणाऱ्या प्रोसेसरवर आधी कॉन्टॅक्ट फ्रेमचा विचार करा. हे सगळं करूनही तळच खोलगट निघाला, तरच लॅपिंग.

कोणी करू नये

ब्लॉक वॉरंटीत असेल तर घासल्यावर ती गेली असंच समजा. निकेलचा मुलामा असलेल्या ब्लॉकवरचा मुलामा काही मिनिटांत निघतो आणि खालचं लाल तांबं दिसू लागतं. त्याने कूलिंग बिघडत नाही, पण तांबं हळूहळू काळवंडतं आणि सेकंड हँड विकताना किंमत पडते.

कंपनीतून पाणी भरून सीलबंद येणारे, म्हणजे एआयओ प्रकारचे कूलर घासणं अवघड असतं. पंप ब्लॉकवरच बसलेला असतो, नळ्या हाताला ओढत राहतात आणि ठोकळा सरळ धरता येत नाही. त्यातल्या तांब्याच्या प्लेटचे स्क्रू काढलेत तर सील उघडून पाणी बाहेर येईल. एआयओ खोलगट निघाला आणि वॉरंटीत असेल, तर तक्रार करून बदलून घेणं कधीही बरं.

प्रोसेसरचं झाकण घासण्याचा प्रकारही व्हिडिओत दिसतो. झाकणावरचं मॉडेलचं नाव पुसलं जातं, वॉरंटी जाते, पाण्याचा थेंब किंवा तांब्याची भुकटी नको तिथे शिरू शकते. पहिल्या पीसीवर हे करू नका.

आणि फोन? फोनच्या आतही प्रोसेसरवर ग्रॅफाइटचे पत्रे किंवा चपटा व्हेपर चेंबर असतो, पण तो इतका पातळ असतो की घासण्याचा प्रश्नच येत नाही. फोन गरम होत असेल तर चार्जिंगवर लावून गेम खेळणं थांबवा आणि जाड कव्हर काढा.

साहित्य: निम्मं गावातच मिळतं

सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे काच. अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंगच्या किंवा फोटो फ्रेमच्या दुकानात १० किंवा १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचा उरलेला तुकडा मागा. साधारण एक फूट बाय एक फूट पुरे. कडा घासून द्यायला सांगा, नाहीतर हात कापेल. आजची काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून तयार होते. पिल्किंग्टन कंपनीने ही पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली. द्रवाच्या पृष्ठभागावर पसरून गोठल्यामुळे ती आपल्या कामापुरती फारच सपाट असते. पातळ काच दाबाखाली लवते, म्हणून जाड हवी. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा गुळगुळीत असतो पण त्याला लाटा असतात. तो नको. चाकू-विळ्याला धार लावायचा दगडही नको. चंदन उगाळून सहाण जशी मधोमध खोल होते, तसा तोही वापरून खोल झालेला असतो.

पेपर घेताना लाकडाचा पॉलिश पेपर घेऊ नका, वॉटर पेपर मागा. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारे हाच वापरतात, म्हणून ऑटोमोबाईल पेंटच्या दुकानात सगळे नंबर मिळतात. ४००, ६००, ८०० आणि १००० नंबरच्या दोन-दोन शीट पुरतात. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. याशिवाय पर्मनंट मार्कर, भांड्याचं लिक्विड साबण, जुना सुती कपडा आणि आयपीए लागेल. मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडे आयपीएची बाटली असतेच. हँड सॅनिटायझर त्याला पर्याय नाही, त्यात त्वचेसाठी घातलेले चिकट पदार्थ असतात.

घासायची पद्धत

कस्टम लूपचा ब्लॉक असेल तर पाणी काढून टाका आणि दोन्ही पोर्टना बूच लावा. तांब्याची भुकटी आत गेली तर तळाच्या आतल्या बाजूला असलेल्या केसाएवढ्या फटींमध्ये जाऊन बसते. ब्लॉक मात्र उघडू नका, जोडलेलाच घासा. कारण आतली रबरी रिंग आणि स्क्रूचा ताण यांनी तळाला एक आकार आलेला असतो. सुटा तळ सपाट केला आणि मग स्क्रू आवळले, तर तो पुन्हा वाकतो. तळाच्या बाजूला स्क्रूची डोकी असतील तर ती तळापेक्षा वर आलेली नाहीत ना, ते पाहा.

काचेवर साबणाच्या पाण्याचे थेंब टाका आणि पेपर त्यावर पसरून हाताने दाबा. पाण्याच्या थरामुळे तो काचेला चिकटून बसतो. कडांना चिकटपट्टी लावली तरी चालेल, पण पेपरला फुगा किंवा सुरकुती नको. घासताना पेपर पुढे लाटेसारखा उचलला गेला तर ब्लॉकची पुढची कड गोल होते.

तळावर मार्करने उभ्या-आडव्या रेषांची जाळी काढा. मग ६०० नंबरच्या पेपरवर फक्त आठ-दहा वेळा घासा आणि पाहा. रेषा कुठून पुसल्या, कुठे राहिल्या, हा तुमच्या तळाचा नकाशा. कडा पुसल्या आणि मध्ये शाई राहिली म्हणजे तळ खोलगट. असा ब्लॉक काचेवर चारी कडांवर स्थिर उभा राहतो, त्यामुळे तो सपाट करणं सोपं. फुगीर तळाचं उलट. तो पोटावर डोलतो, आणि प्रत्येक फेरीत हात थोडा इकडे-तिकडे कलला की फुगवटा तसाच राहतो किंवा वाढतो. फुगीर तळ हाताने सपाट करायला सरावलेला माणूसही वैतागतो. तेव्हा ठसा बरा येत असेल तर इथेच थांबा आणि ब्लॉक परत लावा.

खोलगट फार असेल तर ४०० पासून सुरुवात करा, नाहीतर ६०० पुरेल. ब्लॉक जितका खालून धरता येईल तितका खालून, बोटांच्या टोकांनी धरा. वरून दाबू नका. ठोकळ्याचं वजन आणि बोटांचा हलका भार एवढाच दाब हवा. जोर लावला की पुढे ढकलताना पुढची कड आणि मागे ओढताना मागची कड जास्त घासली जाते, आणि तळ नकळत फुगीर होतो. नवशिक्याचं काम सगळ्यात जास्त इथेच बिघडतं.

एका दिशेने सरळ, लांब, सावकाश पंधरा-वीस फेऱ्या मारा. मग ब्लॉक ९० अंशांनी फिरवा आणि तितक्याच फेऱ्या मारा. असं चार वेळा केलं की एक चक्कर पूर्ण झाली. फिरवण्यामुळे हाताचा कल चारही बाजूंना सारखा वाटला जातो. इंग्रजी आठच्या आकारात घासायचं की सरळ, यावर लोक तासन् तास वाद घालतात. ब्लॉक फिरवत राहिलात तर दोन्ही चालतं. मात्र पेपरच्या एकाच जागी घासू नका, नाहीतर ती जागा बोथट होते आणि कडेचा पेपर जास्त कापतो.

प्रत्येक चक्करनंतर ब्लॉक आणि पेपर दोन्ही धुवा. काळपट-तांबूस गाळ साचला की पेपर कापत नाही, नुसता सरकतो. मार्करची जाळी पुन्हा काढा. सगळी शाई एकाच वेळी, सारखी पुसली जाऊ लागली की या नंबरचं काम झालं. मग पुढच्या नंबरवर जा आणि आधीच्या ओरखड्यांच्या आडव्या दिशेने घासा. जुने ओरखडे पूर्ण नाहीसे झाले की त्या पेपरचंही काम झालं. तांबं मऊ असतं, त्यामुळे एवढं सगळं एक-दोन तासांत होतं. तळ काही मिलिमीटरच जाड असतो आणि त्यातून आपल्याला फक्त दहावा भाग मिलिमीटर किंवा त्याहून कमी काढायचं आहे. तेव्हा 'अजून थोडं' करत बसू नका.

शेवटची फेरी नव्या, न वापरलेल्या १००० च्या पेपरवर. मग पुन्हा गुण्याची पट्टी आणि फ्लॅश.

चमक म्हणजे सपाटपणा नाही

१५००, २००० आणि मग मेटल पॉलिश लावून तळ आरसा करता येतो. फोटो छान येतो. पण मऊ कापडाने पॉलिश करताना कडा गोल होण्याचीच शक्यता जास्त. आणि १००० नंबरचे बारीक ओरखडे पेस्ट सहज भरून काढते. चमचा पण चमकतो, म्हणून तो सपाट होत नाही.

हा गोंधळ जुना आहे. इंग्लंडमधले इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगोच्या सभेत सपाट धातूपृष्ठांवर निबंध वाचला. दोन प्लेट नुसत्या एकमेकींवर घासून सपाट होत नाहीत. एक फुगीर आणि दुसरी तिला बरोबर बसणारी खोलगट होऊ शकते, आणि जोडी मात्र जुळलेली दिसते. म्हणून तीन प्लेट घेऊन आळीपाळीने एकमेकींशी तपासायच्या, आणि एमरीने घासण्याऐवजी उंचवटे खरवडून काढायचे, हा त्यांचा मार्ग होता. आपल्या कामात ही सगळी मेहनत काचेच्या कारखान्याने आधीच करून ठेवली आहे.

धुणं, पेस्ट आणि पाणी

साबणाने धुवा, कपड्याने कोरडा करा, मग तळ आयपीएने पुसा. ब्लॉकचं वरचं झाकण पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं असेल तर आयपीए त्याला लागू देऊ नका, तडे जातात. पुसल्यावर तळाला बोट लावायचं नाही. घामाचा ठसा तांब्यावर डाग बनून राहतो. पेस्ट नेहमीपेक्षा कमी लागेल.

तळ घासून उघडं तांबं आलं असेल तर त्यावर लिक्विड मेटल वापरायचा मोह होतो. त्यातलं गॅलियम तांब्यावर डाग पाडतं, आणि तळ अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर त्याला अक्षरशः खाऊन टाकतं. साधी चांगली पेस्ट पुरे.

लूपमध्ये बोअरचं पाणी अजिबात भरू नका. खिडकीच्या कूलरच्या ताट्यांवर आणि पंपावर उन्हाळाभर पांढरा थर साचतो ना, तोच ब्लॉकच्या बारीक फटींमध्ये साचेल आणि घासण्याची सगळी मेहनत वाया जाईल. डिस्टिल्ड पाणी आणि गंज-शेवाळ रोखणारं द्रव्य, किंवा तयार कूलंट वापरा. आणि तांब्याच्या ब्लॉकसोबत अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर जोडू नका. दोन धातू एकाच पाण्यात आले की अ‍ॅल्युमिनियम कुरतडलं जातं.

फरक पडला का, ते मोजायचं कसं?

घासण्याआधी सकाळी मोजलं आणि घासल्यावर दुपारी मोजलं, तर त्या आकड्यांना अर्थ नाही. खोलीत साधा थर्मामीटर ठेवा, शक्यतो रेडिएटर जिथून हवा ओढतो तिथे. प्रोसेसरचं तापमान वजा खोलीचं तापमान, हा खरा आकडा. आधी आणि नंतर तोच स्ट्रेस टेस्ट, तीच पंख्याची आणि पंपाची गती, आणि प्रत्येक वेळी किमान वीस मिनिटं, कारण लूपमधलं पाणी तापायलाच वेळ लागतो. प्रोसेसर किती वॉट घेतोय हेही लिहून ठेवा. वॉट बदलले तर तुलना चुकते. आणखी एक गोष्ट. नुसती पेस्ट बदलून ब्लॉक पुन्हा लावला तरी एक-दोन अंशांचा फरक पडतो. त्यामुळे घासण्याच्या आधीही एकदा ताज्या पेस्टने बसवून मोजा, नाहीतर पेस्टचं श्रेय लॅपिंगला जाईल.

फरक चार-पाच अंशांचा आला तर तळ खरोखर खोलगट होता. एक-दोनच आला तर ब्लॉक पुन्हा काढू नका, रेडिएटर काढून उजेडात धरा. आपल्याकडे धूळ आणि वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू त्याच्या जाळीत नमद्यासारखे बसतात आणि हवाच अडते. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने उलट्या बाजूने ते बाहेर काढा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा म्हणजे ती हवेने गरगर फिरणार नाहीत, आणि मग पुन्हा मोजा.